प्रदर्शनातील मोटारसायकल आणि आपली मोटारसायकल

प्रस्तावना

आपल्यापैकी अनेक जण कामधंदा सांभाळून शिकत आहेत. कोणी कारखान्यात काम करतो, कोणी दुकान चालवते, कोणी घरोघरी माल पोहोचवतो. अशा प्रत्येकाच्या मनात केव्हा तरी एक विचार येतो : 'आता स्वतःची गाडी घ्यावी.' सामान्य कुटुंबाच्या दृष्टीने दुचाकीची खरेदी ही लहान गोष्ट नसते. त्यासाठी कित्येक महिन्यांची बचत खर्ची पडते आणि पुढील दोन-तीन वर्षांच्या मिळकतीचा काही भाग हप्त्यांसाठी बांधला जातो. खरेदीपूर्वी वाहनांचे प्रदर्शन पाहण्याची संधी मिळाली, तर तेथे काय पाहावे, काय विचारावे आणि निर्णय कोणत्या आधारावर घ्यावा, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला
• दुचाकींच्या प्रदर्शनाचे स्वरूप सांगता येईल;
• इंजिन, ब्रेक, किंमत यांविषयीच्या तांत्रिक शब्दांचा अर्थ स्पष्ट करता येईल;
• जाहिरातीची भाषा आणि माहितीची भाषा यांतील फरक ओळखता येईल;
• कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब तपासून पाहता येईल.

मूळ पाठ

१. पद्मनाभपूरहून रायपूरला

दुर्ग आणि भिलाई ही छत्तीसगडमधील जोडशहरे आहेत. पद्मनाभपूर ही तेथील एक वसाहत. या प्रदेशाचे मराठीशी नाते जुने आहे. अठराव्या शतकात छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांची सत्ता आली. पुढेही १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा प्रदेश नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होता. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने भिलाई येथे पोलाद कारखाना उभा राहिला. त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. देशाच्या निरनिराळ्या भागांतून माणसे येथे कामासाठी आली. शहरे वाढली, तसे घर आणि कामाची जागा यांतील अंतरही वाढत गेले. आज अशा शहरांत दुचाकी ही अनेकांच्या रोजच्या कामाची गरज झाली आहे.

पद्मनाभपूरहून रायपूर सुमारे चाळीस किलोमीटर अंतरावर आहे. १५ जानेवारी ते १५ फेब्रुवारी २०२५ या काळात रायपूरला वाहनांचे मोठे प्रदर्शन भरले होते. प्रदर्शनाच्या काळात विकल्या जाणाऱ्या वाहनांना आजीवन पथकरात पन्नास टक्के सूट देण्याचा निर्णय छत्तीसगड सरकारने घेतला होता. त्यामुळे हे ठिकाण गाड्या पाहण्याचे होते, तसेच त्या विकत घेण्याचेही होते. अशा सवलती ठरावीक मुदतीसाठी असतात. म्हणून प्रदर्शनाला जाण्यापूर्वी सवलत चालू आहे का, ती कोणत्या वाहनांना लागू आहे आणि तिच्या अटी कोणत्या आहेत, याची परिवहन विभागाकडे खात्री करून घ्यावी.

प्रदर्शनाचा मोठा लाभ असा की, एरवी दहा दुकाने फिरून जे पाहावे लागते, ते एका जागी पाहायला मिळते. मात्र झगमगता प्रकाश, गर्दी आणि 'आजच नोंदणी करा' असा आग्रह यांमुळे शांतपणे विचार करणे तेथे कठीण जाते. गाडी चांगली आहे की नाही, हे प्रदर्शनात समजू शकते. ती आपल्यासाठी योग्य आहे की नाही, हे मात्र आपल्या रोजच्या वाटेवरून आणि मिळकतीवरूनच ठरते.

२. ग्राहकाची प्रतीक्षा ते गाड्यांची रांग

जर्मनीतील गॉटलीब डाइम्लर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ साली लाकडी सांगाड्याच्या दुचाकीवर पेट्रोलचे इंजिन बसवले. तीच पुढील मोटारसायकलींची पूर्वज मानली जाते. इटलीतील मिलान शहरात १९१४ साली सुरू झालेले दुचाकींचे प्रदर्शन आजही जगभर प्रसिद्ध आहे. भारतात दिल्लीच्या प्रगती मैदानावर १९८६ साली पहिले 'ऑटो एक्स्पो' भरले.

त्या काळी आपल्याकडे ग्राहकाला निवड करण्यास फारसा वाव नव्हता. पुण्याच्या बजाज कंपनीची १९७२ साली आलेली 'चेतक' स्कूटर इतकी लोकप्रिय होती, की नाव नोंदवल्यावर ती मिळण्यासाठी लोकांना वर्षानुवर्षे थांबावे लागे. राजदूत, येझदी यांसारख्या मोटारसायकली टू-स्ट्रोक इंजिनाच्या होत्या. त्यांच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागे आणि त्यांना पेट्रोलही अधिक लागे. १९८५ साली आलेल्या हीरो होंडाच्या शंभर सीसीच्या मोटारसायकलीत फोर-स्ट्रोक इंजिन होते. कमी पेट्रोलमध्ये लांबचा पल्ला गाठता येतो, हे तिने सामान्य माणसाला पटवून दिले. २००१ साली बजाजची 'पल्सर' आली आणि तरुणांचे लक्ष अधिक शक्तीच्या गाड्यांकडे वळले. ५ जुलै २०२४ रोजी याच कंपनीने पुण्यात सीएनजीवर चालणारी 'फ्रीडम १२५' ही मोटारसायकल सादर केली. विजेवर चालणाऱ्या दुचाकीही आता रस्त्यांवर सर्रास दिसतात.

एके काळी ग्राहक गाडीसाठी थांबत असे. आता गाड्या ग्राहकासाठी रांगेत उभ्या असतात. ही सोय आहे, पण तिच्याबरोबर निवड करण्याची जबाबदारीही आली आहे.

३. गाडी कशी पाहावी ?

इंजिन : गाडीच्या नावापुढे १००, १२५, १५० असे आकडे असतात. सामान्यपणे ते इंजिनाची क्षमता दाखवतात. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये दट्ट्या वर-खाली होतो. त्याच्या या फेरीत जेवढी जागा व्यापली जाते, ती घनसेंटिमीटरमध्ये म्हणजे 'सीसी'मध्ये मोजतात. साधारणपणे सीसी अधिक, तर शक्ती अधिक आणि पेट्रोलचा खर्चही अधिक. शहरात रोज एकट्याने जाणाऱ्यास १०० ते १२५ सीसीची गाडी बहुधा पुरते. दोघांनी महामार्गावरून नेहमी दूर जायचे असेल, तर त्याहून अधिक शक्तीचा विचार करता येईल.

ब्रेक : १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या प्रत्येक नव्या दुचाकीला 'एबीएस', तर त्याहून लहान दुचाकीला 'सीबीएस' किंवा 'एबीएस' असणे बंधनकारक झाले. सीबीएसमध्ये एक ब्रेक दाबला तरी दोन्ही चाकांना अडथळा मिळतो. एबीएसमध्ये जोराने ब्रेक दाबल्यावर चाक एकदम अडकून बसत नाही. ते क्षणाक्षणाला मोकळे होत व पुन्हा थांबत जाते, त्यामुळे गाडी घसरण्याचा धोका कमी होतो. काही गाड्यांत एबीएस केवळ पुढच्या चाकाला असते, काहींत दोन्ही चाकांना. हा फरक विक्रेत्याला विचारावा.

उंची आणि वजन : गाडीवर बसून पाहावे. दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का ? गाडी स्टँडवरून काढता येते का ? ती हाताने मागे ढकलता येते का ? घरातील आणखी कोणी गाडी चालवणार असेल, तर त्या व्यक्तीलाही बसवून पाहावे. मागच्या आसनावर आई बसणार असेल, तर आसनाची रुंदी, धरायची कडी आणि पाय ठेवण्याची जागा यांना वेगापेक्षा अधिक महत्त्व आहे.

इंधन : सीएनजीची गाडी घेण्यापूर्वी आपल्या वाटेवर सीएनजीचा पंप आहे का, ते पाहावे. विजेची गाडी घेण्यापूर्वी रात्री ती चार्ज करण्यासाठी घरी सुरक्षित जागा आहे का, बॅटरीची हमी किती वर्षांची आहे आणि हमी संपल्यावर नवी बॅटरी कितीला पडेल, हे विचारावे. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याचे उत्तर अंगण असलेल्या घरातील माणसापेक्षा वेगळे असू शकेल.

दुरुस्तीची सोय : रायपूरच्या प्रदर्शनात आवडलेल्या गाडीचे दुरुस्ती केंद्र दुर्ग-भिलाईत आहे का ? तिचे सुटे भाग तेथे मिळतात का ? हा प्रश्न साधा आहे, पण गाडी बंद पडून एक दिवसाची मजुरी बुडते, तेव्हा त्याचे मोल कळते.

पाठगत प्रश्न १
(अ) सीसी म्हणजे काय ?
(आ) सीबीएस आणि एबीएस यांतील फरक दोन वाक्यांत सांगा.
(इ) विजेची गाडी घेण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारावेत ?

४. पत्रकाची भाषा

प्रदर्शनात प्रत्येक दालनात गुळगुळीत कागदावर छापलेली माहितीपत्रके मिळतात. त्यांत दोन प्रकारची भाषा असते. 'वाऱ्याशी शर्यत', 'रस्त्याचा राजा' यांसारखे शब्द भावना जागवतात; ते खरे की खोटे, हे तपासता येत नाही. 'वजन ११२ किलो', 'टाकी १० लिटर' ही माहितीची भाषा होय. ती मोजून पाहता येते. पत्रक वाचताना पेन्सिल हाती घ्यावी आणि मोजता येण्याजोग्या वाक्यांखाली रेघ ओढावी. उरलेले वाचायला गोड असते, पण खरेदीच्या वेळी उपयोगाचे नसते.

काही लहान शब्दांकडेही नीट लक्ष द्यावे. किंमत अमुक रुपयांपासून असे लिहिले असेल, तर ती सर्वांत साध्या प्रकारच्या गाडीची किंमत असते. चित्रातील गाडी बहुधा त्याहून महाग असते. सूट अमुक रुपयांपर्यंत असेल, तर ती आपल्याला पूर्ण मिळेलच असे नाही. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत 'अटी लागू' असे असेल, तर त्या अटी लेखी मागाव्यात.

'ॲव्हरेज'चेही तसेच आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये गाडी किती किलोमीटर जाते, याचा अधिकृत आकडा ठरलेल्या पद्धतीने घेतलेल्या चाचणीतून येतो. अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी पुण्याची 'एआरएआय' ही संस्था १९६६ साली स्थापन झाली. या आकड्यावरून दोन गाड्यांची तुलना करता येते. परंतु रस्त्यावरील खड्डे, सिग्नल, मागे बसलेली व्यक्ती आणि चालवण्याची सवय यांमुळे प्रत्यक्षात ॲव्हरेज कमी मिळू शकते. तीच गाडी वर्षभर वापरलेल्या शेजाऱ्याला विचारल्यास अधिक उपयुक्त उत्तर मिळेल.

५. किंमत आणि हप्ते

दालनात लावलेली किंमत ही 'एक्स-शोरूम' किंमत असते. तिच्यात पथकर, नोंदणी शुल्क आणि विमा मिळवल्यावर 'ऑन-रोड' किंमत तयार होते. आपल्या खिशातून जाणारी रक्कम ती हीच. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम घेणे आवश्यक झाले. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या हानीची भरपाई या विम्यातून होते. आपल्या गाडीच्या चोरीसाठी किंवा मोडतोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला गेला, तर त्याहून मोठ्या दुचाकींवरील कर ४० टक्के झाला. तेव्हा जुने पत्रक पाहून हिशेब करू नये.

आता हप्त्यांकडे वळू. समजा, तुम्ही ८०,००० रुपयांचे कर्ज ३ वर्षांसाठी घेत आहात. विक्रेता म्हणतो, 'व्याज फक्त दहा टक्के.' या दहा टक्क्यांचा अर्थ दोन प्रकारे होऊ शकतो.

पहिला प्रकार 'फ्लॅट' दराचा. यात संपूर्ण ८०,००० रुपयांवर तिन्ही वर्षे व्याज लावले जाते. दर वर्षाचे ८,००० म्हणजे एकूण व्याज २४,००० रुपये. १,०४,००० रुपयांचे ३६ हप्ते केल्यास प्रत्येक हप्ता सुमारे २,८८९ रुपयांचा होतो.

दुसरा प्रकार घटत्या शिलकेचा. यात दर महिन्याला जेवढे कर्ज शिल्लक राहते, तेवढ्यावरच व्याज लागते. याच दहा टक्के दराने हप्ता सुमारे २,५८१ रुपये आणि एकूण व्याज सुमारे १२,९३० रुपये होते.

शब्द तोच, 'दहा टक्के'. फरक मात्र अकरा हजार रुपयांहून अधिक. याचे कारण असे की, फ्लॅट पद्धतीत आपण फेडलेल्या पैशांवरही व्याज देत राहतो. असा दहा टक्के फ्लॅट दर घटत्या शिलकेच्या सुमारे १८ टक्के दराइतका पडतो. म्हणून कर्ज घेताना तीनच गोष्टी लेखी मागाव्यात : हप्ता किती, हप्ते किती आणि सर्व मिळून भरायची रक्कम किती. या आकड्यांवरून दोन कर्जांची तुलना कोणालाही करता येते. 'शून्य टक्के व्याज' असे सांगितले, तर प्रक्रिया शुल्क किती आहे आणि रोख खरेदीवर मिळणारी सूट जाते का, हेही विचारावे.

हप्त्याबरोबर इंधनाचाही खर्च धरावा. समजा, पद्मनाभपूरहून कामाच्या ठिकाणी जाऊन-येऊन रोज ३० किलोमीटर होतात आणि महिन्यात २५ दिवस काम असते. महिन्याचे अंतर ७५० किलोमीटर झाले. सोयीसाठी पेट्रोल शंभर रुपये लिटर धरू. लिटरला ५० किलोमीटर जाणाऱ्या गाडीस १,५०० रुपये लागतील. ४० किलोमीटर जाणाऱ्या गाडीस १,८७५ रुपये. वर्षाला हा फरक ४,५०० रुपयांचा होतो. हप्ता, इंधन आणि देखभाल यांची बेरीज करावी. ती देऊनही घरखर्च, मुलांचे शिक्षण आणि आजारपणासाठीची शिल्लक यांना धक्का लागत नसेल, तरच ती गाडी आपल्या ऐपतीतील समजावी.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कर्जाच्या गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर कर्ज देणाऱ्या संस्थेची नोंद असते. शेवटचा हप्ता भरल्यावर त्या संस्थेकडून ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे आणि परिवहन कार्यालयात जाऊन ती नोंद काढून घ्यावी. हे राहून गेले, तर पुढे गाडी विकताना अडचण येते.

पाठगत प्रश्न २
(अ) एक्स-शोरूम आणि ऑन-रोड किंमत यांत काय फरक आहे ?
(आ) फ्लॅट दराने घेतलेले कर्ज महाग का पडते ?
(इ) कर्ज फेडल्यावर कोणते काम करणे आवश्यक आहे ?

६. किंमत नसलेली गोष्ट

दुचाकीवर बसलेल्या माणसाभोवती पत्र्याचे कवच नसते. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील ७४,८९७ म्हणजे सुमारे ४४.५ टक्के माणसे दुचाकीवर होती. त्या वर्षी हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांना प्राण गमवावे लागले. त्यांपैकी १४,३३७ जण गाडी चालवत नव्हते. ते मागे बसलेले होते. हे आकडे वाचताना त्या प्रत्येकाच्या मागे एक घर होते, हे विसरू नये.

म्हणून गाडीच्या हिशेबात दोन हेल्मेटांची किंमत आधीच धरावी : एक चालवणाऱ्याचे, एक मागे बसणाऱ्याचे. १ जून २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणन, म्हणजे आयएसआय चिन्ह, असलेलीच हेल्मेटे विकण्याचा नियम लागू झाला. हेल्मेट डोक्याला घट्ट बसावे आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला असावा. आरशाला अडकवलेले हेल्मेट डोके वाचवू शकत नाही.

वेगाचे गणितही समजून घ्यावे. ताशी ४० किलोमीटरऐवजी ६० किलोमीटर वेग ठेवला, तर वेग दीडपट होतो. पण ब्रेक लावल्यानंतर गाडी थांबण्यास लागणारे अंतर सुमारे सव्वादोनपट होते. कारण हे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गिअरची मोटारसायकल चालवण्यासाठी वय किमान १८ वर्षे असावे लागते आणि परवाना काढावा लागतो. गाडी घरी येण्यापूर्वी परवाना हाती असणे, हाच योग्य क्रम होय.

७. निर्णय

प्रदर्शनाहून परतल्यावर लगेच पैसे भरू नयेत. पसंत पडलेल्या दोन-तीन गाड्यांची नावे वहीत लिहावीत. प्रत्येकीपुढे ऑन-रोड किंमत, हप्ता, ॲव्हरेज, ब्रेक आणि दुरुस्ती केंद्र यांची नोंद करावी. घरातील सर्वांशी बोलावे. नंतर विक्रेत्याच्या परवानगीने गाडी चालवून पाहावी. शक्य असल्यास आपल्या नेहमीच्या रस्त्यासारख्या रस्त्यावर, मागे एका व्यक्तीला बसवून. कधी कधी या विचारातून असेही दिसते, की आणखी सहा महिने बचत करून कर्ज कमी घेणे अधिक हिताचे आहे. ती गाडी नाकारणे नव्हे. तोही एक विचारपूर्वक घेतलेला निर्णयच आहे.

मोटारसायकल आवडणे यात गैर काही नाही. स्वतःच्या कष्टाच्या पैशांतून घेतलेल्या गाडीचा आनंद वेगळाच असतो. हप्ते वेळेवर भरले जात आहेत आणि घरची माणसे रोज संध्याकाळी सुखरूप परत येत आहेत, अशा घरात तो आनंद दीर्घकाळ टिकतो.

सारांश

• प्रदर्शनात अनेक गाड्यांची तुलना एका जागी करता येते. निर्णय मात्र आपली गरज आणि मिळकत पाहून घ्यावा.
• इंजिन, ब्रेक, उंची, इंधन आणि दुरुस्तीची सोय या गोष्टी प्रत्यक्ष तपासाव्यात.
• माहितीपत्रकातील मोजता येणारी माहिती आणि भावना जागवणारे शब्द वेगळे करावेत.
• कर्ज घेताना एकूण भरावयाची रक्कम लेखी घ्यावी.
• दोन हेल्मेटे हा गाडीच्या खर्चाचाच भाग मानावा.

शब्दार्थ

झोतभट्टी – लोखंड तयार करण्याची मोठी भट्टी
पथकर – रस्त्याच्या वापरासाठी वाहनावर आकारला जाणारा कर
दट्ट्या – इंजिनाच्या सिलिंडरमध्ये वर-खाली होणारा भाग, पिस्टन
तृतीय पक्ष – विमा घेणारा व विमा कंपनी यांखेरीज तिसरी व्यक्ती
ऐपत – आर्थिक कुवत

स्वाध्याय

१. 'एके काळी ग्राहक गाडीसाठी थांबत असे. आता गाड्या ग्राहकासाठी रांगेत उभ्या असतात.' या विधानाचा आशय पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. ६०,००० रुपयांचे कर्ज २ वर्षांसाठी १२ टक्के फ्लॅट दराने घेतले, तर एकूण व्याज आणि मासिक हप्ता किती होईल ?
३. कोणत्याही वस्तूची एक जाहिरात मिळवा. तिच्यातील मोजता येणारी विधाने आणि न मोजता येणारी विधाने वेगवेगळी लिहा.
४. तुमच्या धाकट्या भावाने प्रदर्शनात पाहिलेली महागडी मोटारसायकल घेण्याचे ठरवले आहे. त्याला विचार करण्यास सुचवणारे पत्र लिहा.